म्हातारा घोडा विकत नव्हता

मला जपानी शिकवणाऱ्या सरांनी सव्वा वर्ष फसवलं. फीमध्ये नाही. फी मी पहिल्याच दिवशी घासाघीस करून माझ्या मनासारखी करून घेतली होती. तिथं फसलो असतो तर कुणाला दोष दिला नसता. त्यांनी मला असं समजू दिलं की मला वाचता येतं. मला वाचता येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते दर रविवारी समोर बसून मान डोलावत राहिले.

मी पॅलेटचा धंदा करतो. कंपन्यांत माल ज्या लाकडी ठोकळ्या-फळ्यांच्या चौकटीवर रचतात आणि फोर्कलिफ्टनं उचलतात, ते पॅलेट. बजाजनगरला एका खोलीत चौघं राहायचो तेव्हा कंपन्यांच्या मागच्या गेटला टाकून दिलेले फुटके पॅलेट मी सायकलवर बांधून आणायचो, खिळे उपटायचो, ठोकून सरळ करायचो, चांगल्या फळ्या वेगळ्या काढून नवीन पॅलेट जोडायचो. आज शेंद्र्याजवळ माझं स्वतःचं शेड आहे. कुणी हात धरून वर आणलेलं नाही.

शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे वडिलांनी सोडवली. आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी ती विकली आणि पिशोरच्या बाजारात बैलांची दलाली धरली. मला सोबत घेतलं. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरत, वरून उपरणं टाकत आणि आत बोटं दाबून आकडा सांगत. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. वडील मला म्हणायचे, हाताकडं बघू नको, हात झाकलेला आहे, तोंडाकडं बघ. पापणी किती वेळ मिटली, जबडा कुठं आवळला, थुंकी कधी गिळली. मी ते शिकलो. पुढं सगळा धंदा मी त्याच्यावर केला. खरेदी खात्याच्या साहेबानं ‘आमचं बजेट नाही’ म्हटलं की त्याच्या पापणीवरून मला कळतं की आहे. शाळेचा विषय निघाला की मी सांगायचो, मी पुस्तकं नाही वाचली, माणसं वाचली. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता त्याची लाज वाटते.

जपानीकडं वळलो ते एका दुभाष्यामुळं. माझे पॅलेट ज्या कंपनीत जातात तिथं गुणवत्ता बघायला एक जपानी साहेब होते, साठीच्या आसपासचे. पांढरे सुती हातमोजे घालून फळीवरून हात फिरवायचे. एकदा त्यांनी माझा पॅलेट उलटा करून घेतला, खाली बसले, आणि दोन-तीन मिनिटं दुभाष्याला काहीतरी सांगत राहिले. बोटानं खिळ्याचं डोकं दाखवलं, फळीची शीर दाखवली, माझ्याकडं बघून हसले. दुभाष्यानं मला सांगितलं, “साहेब म्हणतात, ठीक आहे.”

तीन मिनिटांचं ‘ठीक आहे’. मी त्याला म्हटलं, बाकीचं तू खाल्लंस का? तो म्हणाला, “बाकी टेक्निकल होतं, शेठ, तुम्हाला नाही कळणार.” माझ्या पॅलेटचं टेक्निकल मला नाही कळणार. त्या दिवशी ठरवलं की या साहेबांशी मधला माणूस न ठेवता बोलायचं. मला जपानला जायचं नव्हतं, नोकरी नको होती. या एका माणसानं माझ्या कामाबद्दल काय म्हटलं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि आपलं काही त्याला सांगायचं होतं.

उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर क्लास सापडला. रविवारी सकाळी. सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, जपानला दोन वर्षं राहून आलेले. वर्गात इंजिनिअरिंगची पोरं, दोन आयटीवाले, आणि बजाजनगरची एक नर्स. तिचे वडील कंपनीत कामगार; तिला तिकडच्या वृद्धाश्रमात नोकरी मिळवायची होती. ही सगळी मला काका म्हणायची. सर शेठ म्हणायचे.

दोन प्रकारची मुळाक्षरं मी तीन महिन्यांत घोटली. चित्रलिपीपाशी अडकलो. डोकं बधिर व्हायचं. सोडून द्यायच्या बेतात होतो, तेव्हा सरांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून दिलं. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. म्हणाले, हे वाचा शेठ, यात अक्षरं कमी आणि चित्रं जास्त, चित्रं तुम्हाला ओढून नेतील.

ओढून नेलं. कागद वर्तमानपत्रासारखा, सगळं काळं-पांढरं. बर्फातलं एक गाव, एक म्हातारा, त्याचा एक घोडा, आणि घोडा घ्यायला आलेला एक तरुण. पानंच्या पानं कुणी काही बोलत नाही. घोड्याच्या नाकातून वाफ निघते. म्हातारा घोड्याच्या पाठीवरून हात फिरवतो. तरुण दारात उभा राहतो, एका चौकटीत जवळून, मग दुरून, मग नुसते त्याचे पाय. वाऱ्याचा आवाजसुद्धा मोठ्या तिरप्या अक्षरांत काढलेला, तो मी अक्षर म्हणून बघतच नव्हतो, वारा म्हणूनच बघत होतो. ज्याला शब्दांनी आयुष्यभर बाहेर उभं केलं त्याला असलं पुस्तक हातात आल्यावर काय होतं, ते शिकलेल्या माणसाला कळायचं नाही. मी शेडमध्ये खुर्ची टाकून एका दुपारी साठ पानं उलटली. साठ पानं, जपानी पुस्तकाची. बायकोला फोन करून सांगितलं.

मधेमधे माणसांच्या तोंडाजवळ काढलेल्या फुग्यांत अक्षरं होती. ओळखीची दिसली तर वाचायचो, नाही दिसली तर पुढं. कारण पुढं काय होणार ते मला चेहऱ्यावरून कळत होतं.

आणि मग ते पान आलं. म्हातारा आणि तरुण समोरासमोर बसलेत. म्हातारा हात पुढं करतो आणि तरुणाच्या अंगरख्याच्या रुंद बाहीत घालतो. पुढच्या चौकटीत फक्त बाही, आत हात हलतोय तेवढ्या घड्या. पुढच्या चौकटीत म्हाताऱ्याचा चेहरा, डोळे मिटलेले. तरुणाचा जबडा आवळलेला. चार पानं असंच. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हे तर आमचंच होतं. उपरण्याऐवजी बाही, एवढाच फरक. शेवटी तरुण घोडा घेऊन बर्फातून जातो आणि म्हातारा दारात बसून हसतो. म्हाताऱ्यानं बरोबर कापला त्याला, असं मी मनात म्हटलं.

रविवारी वर्गात सरांनी विचारलं, शेठ, कुठवर आलं पुस्तक? मी सांगायला लागलो. थोडं जपानीत, बाकी मराठीत. बाहीतला सौदा मी उभा राहून, एका पोराचा हात धरून, वरून त्याचंच जॅकेट टाकून करून दाखवला. वर्ग हसून लोळला. “काका, दिला का मग घोडा?” “देतो का लगेच. म्हातारा लई पोचलेला हाय. डोळे मिटून बसलाय. डोळे मिटणारा माणूस कधी खाली येत नाय.” सर टाळ्या वाजवत होते. म्हणाले, वा शेठ.

तिथून ती गोष्ट दर महिन्याला व्हायला लागली. नव्या बॅचची माणसं चौकशीला आली की सर त्यांना रविवारी बसवायचे आणि मला उठवायचे. हे बघा, यांचं शिक्षण नववी. पॅलेटचा व्यवसाय आहे. आठ महिन्यांत जपानी पुस्तक वाचतात. शेठ, तो सौदा सांगा बरं. मी सांगायचो. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. नववी हा शब्द कुणीतरी पहिल्यांदाच कौतुकानं उच्चारत होतं. मोसंबीच्या पेटीत निवडक फळांचा वरचा थर कसा लावतात ते मी लहानपणापासून बघतोय, आणि स्वतः वरच्या थरात बसलोय हे मला कळलं नाही.

नर्स मात्र हसायची नाही. ती वहीत काहीतरी लिहीत बसायची. तिची पद्धत गोगलगायीची. एक फुगा घ्यायचा, त्यातलं एकेक अक्षर शब्दकोशात शोधायचं, अर्थ लिहायचा, मग पुढचा फुगा. मी तिला म्हणायचो, पोरी, तुझं पान संपेस्तोवर तो घोडा म्हातारा होऊन मरंल. ती म्हणायची, मरू द्या काका, पण कशानं मेला ते मला कळेल.

जानेवारीत साहेब माझ्या शेडवर आले. दुभाष्या आजारी होता, म्हणून एकटेच, ड्रायव्हरसोबत. दीड वर्ष मी ज्याची वाट पाहिली ती वेळ अशी आपणहून चालत आली. मी जपानीत या म्हटलं, बसा म्हटलं, चहा विचारला. साहेब इतके खूश झाले की टोपी काढून हातात धरली. त्यांनी फळीवर बोट ठेवून हळूहळू, सोपं करून सांगितलं की तुम्ही खिळा लाकडाच्या शिरेवर न मारता तिच्या बाजूला ठोकता, म्हणून फळी फाटत नाही, आमच्याकडं जुने सुतार असं करायचे. तीन मिनिटांत काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. माझे डोळे भरून आले होते, आणि मी सहसा त्यातला नाही.

मग मला वाटलं, आता आपली बाजू. मी टेबलाच्या खणातून ते पुस्तक काढलं. साहेबांनी ते बघितलं आणि दोन्ही हातांनी घेतलं. हे मी वाचलंय, म्हणाले. लहान असताना. आणि बोटानं पानं उलटत नेमके त्या बाहीच्या पानावर थांबले. माझ्याकडं बघितलं. आता तू सांग, असं ते बघणं होतं.

मी सांगितलं. माझ्याकडं होती नव्हती तेवढी जपानी काढून. म्हातारा हुशार. व्यापार चांगला. तरुणाचं नुकसान. मी हसलो, आणि साहेबांचा हात धरून, वर माझा रुमाल टाकून, बोट दाबून दाखवलं.

साहेबांनी हात काढून घेतला नाही. संपेपर्यंत बसून राहिले. मग “सोऽ देस का,” म्हणाले. म्हणजे, असं होय. पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, चहा संपवला, वाकून नमस्कार केला आणि गेले. चेहरे वाचणारा मी, मला वाटलं की माणूस भारावून गेला.

पुढच्या भेटीला ते दुभाष्याला घेऊन आले. मी जपानीत बोललो तर त्यांनी नम्रपणे मान हलवली आणि उत्तर दुभाष्याला दिलं. त्याच्या पुढच्या भेटीतही तेच. मार्चअखेर त्यांची बदली झाली आणि ते कायमचे आपल्या देशी गेले. निरोपाला कंपनीनं पुरवठादारांना बोलावलं होतं. माझ्याशी त्यांनी हात मिळवला. बोलले दुभाष्यातून. साहेब म्हणतात, धन्यवाद.

मी महिनाभर विचार करत राहिलो की माझं काय चुकलं. उच्चार वाईट होते का, रुमाल टाकायला नको होता का. बायको म्हणाली, तुम्ही बोलला असाल काहीतरी वाकडं, तुमचं तोंड हायच तसं.

एप्रिलमध्ये नर्सनं ते पुस्तक संपवलं. क्लास सुटल्यावर जिन्यात मला थांबवलं. वर्गात नाही बोलली, हे तिचे उपकार. म्हणाली, “काका, रागावणार नसाल तर सांगते. तो सौदा नाहीये.”

मी म्हटलं, मग काय हाय?

“म्हाताऱ्याला दिसत नाही. आंधळा आहे तो. आणि तो पोरगा त्याचा मुलगा आहे.”

मी तिला म्हटलं की तुला व्यवहारातलं काय कळतं, दवाखान्यात सुया टोचणारी तू. ती चिडली नाही. वहीतलं पान फाडून माझ्या हातात दिलं, म्हणाली माझं ऐकू नका, स्वतः बघा, चार पानांत अकराच शब्द आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमधली सगळी कामं सोडून मी शब्दकोश घेऊन बसलो. तिचं पान उघडलं नाही. तेवढी आकड होती. आधी मागं गेलो, बाराव्या पानावर, जिथं म्हातारा घोड्याला काहीतरी म्हणतो आणि मी तो फुगा कधी वाचलाच नव्हता. डोळे गेल्यापासून तूच माझा रस्ता, असं काहीसं तो घोड्याला म्हणतो. चित्रकारानं सगळ्या पुस्तकात त्याचे डोळे खाली झुकलेले काढलेत. मला तो माणूस धूर्त वाटला होता.

मग ती चार पानं. बाहीत हात. पहिल्या फुग्यात म्हातारा म्हणतो, ही खूण. पुढं, कोयत्याची. मग खूप वेळ काही नाही, तीच बाही, त्याच घड्या. मग म्हणतो, तू सात वर्षांचा होतास. तरुण एकच शब्द बोलतो, तो शब्द मला पहिल्या महिन्यात पाठ होता, बाबा. तो शब्द मी शंभर वेळा उलटून गेलो होतो. मुलगा परका बनून, गिऱ्हाईक बनून घोडा बघायला आलेला असतो, कारण त्याला घरात यायचं तोंड नसतं. म्हातारा घोडा विकत नाही. तो त्याला देऊन टाकतो.

अकरा शब्दांना मला अडीच तास लागले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एक पान वाचलं, आणि ते वाचताना मला समोर तो साहेब दिसत होता, लहानपणी वाचलेल्या त्या पानावर बोट ठेवून माझ्याकडं बघणारा. एका बापानं अंधारात पोराचा हात ओळखला, आणि त्याला मी व्यापार चांगला म्हणालो. त्यांच्या हातावर रुमाल टाकला. हसलो.

माझी चूक मी लपवत नाही. मी चेहऱ्यांवर विसंबलो आणि अक्षरांना तुच्छ लेखलं. पण मी शिकणारा होतो. चुकायलाच तिथं जात होतो.

पुढच्या रविवारी वर्ग रिकामा होईपर्यंत थांबलो आणि पुस्तक सरांच्या टेबलावर उघडून ठेवलं. विचारलं, हे काय चाललंय इथं?

ते हसले. म्हणाले, शेठ, चित्रांच्या पुस्तकात ज्याचा त्याचा अर्थ असतो.

“मग फुग्यात अक्षरं कशाला छापली?”

ते पाणी प्यायले. म्हणाले, तुम्ही रंगात आला होता. तुमच्यासारखे लोक चौथ्या महिन्यात क्लास सोडतात, मी बघितलंय. तेव्हा टोकलं असतं तर तुम्हीही सोडला असता. चित्रांनी टिकून राहिलात, हे काय कमी आहे?

यात थोडं खरं आहे, आणि म्हणून मला जास्त चीड आली. मी म्हटलं, सोडला असता तर सोडला असता, ते मी ठरवलं असतं. पहिल्या वेळी नाही टोकलं, समजू शकतो. दुसऱ्या वेळी? नव्या बॅचसमोर दर महिन्याला मला उभं करत होता तेव्हा?

“खरं सांगू का शेठ,” ते म्हणाले, “तुमची गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा रंगायची. लोक त्याच्यावर नावं नोंदवायचे.”

हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. मी विचारलं, तुम्ही हे पुस्तक वाचलंय का? ते मोबाइलकडं बघायला लागले. म्हणाले, तिकडं असताना बघितलं होतं. वाचलं का? बघितलं होतं हो. मग पुढचा क्लास आहे म्हणून उठले.

आता मी आणि नर्स दर रविवारी अर्धा तास आधी येऊन जिन्यात बसतो आणि पुस्तक पहिल्यापासून वाचतो. चित्रावर तिची कागदाची पट्टी असते. शेवटचं अक्षर झाल्याशिवाय ती मला चित्र बघू देत नाही. मी चिडतो, ती पट्टी काढत नाही. आठवड्याला एक पान होतं. वाऱ्याचा आवाजसुद्धा वाचायला लावते.

पण त्यानं सरांचा हिशेब मिटत नाही. सर, हे मी तुम्हाला उद्देशूनच लिहितोय आणि तुमच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करणार आहे. दोनपैकी एक खरं आहे. तुम्ही ते पुस्तक वाचलं होतं, आणि मी बापाला दलाल म्हणत असताना गप्प बसलात. नाहीतर वाचलं नव्हतं, आणि न वाचलेल्या पुस्तकावर मला वा म्हणत होता. कुठलं ते वर्गासमोर सांगा, नव्या बॅचसमोर, जिथं मला उभं केलं तिथं.

आणि दुसरं. कंपनीकडून साहेबांचा पत्ता मी मिळवलाय. माझं पत्र मी लिहितोय, माझ्या अक्षरात, कितीही महिने लागोत. पण त्याच्यासोबत तुमचं पत्र जायला हवं. जपानीत, तुमच्या सहीचं. त्यात एवढंच लिहा की हा माणूस चुकीचं वाचत होता, मी सव्वा वर्ष ऐकत होतो, आणि मी त्याला थांबवलं नाही. फी परत मागत नाही. यात घासाघीस होणार नाही. पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसलेला असेन, कागद आणि पेन माझं. लिहिणार आहात की नाही, ते सगळ्यांसमोर बोला.